रानउंदरांची झडती

उंदराने कणगीतले किती पायली धान्य खाल्ले याचा हिशेब आपण ठेवतो. उसाच्या बुडख्याला लागलेला त्याचा दात, भुईमुगाच्या रानात उकरलेल्या शेंगा, गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्याला पडलेले भोक, हे सारे आपल्या डोळ्यांसमोर असते. पण हाच उंदीर अंगावर, रक्तात आणि मुतात आणखी काय काय घेऊन आपल्या घरात-शिवारात हिंडतो, याचा हिशेब आपल्यापैकी कोणी ठेवत नाही. तो ठेवणारी माणसे निराळी आहेत. ती दिवेलागणीच्या आधी रानात पिंजरे मांडून येतात, पहाटे ते गोळा करतात, आत सापडलेल्या जिवाचे रक्त नळीत घेतात आणि प्रयोगशाळेकडे पाठवतात. या लोकांची हकिकत आज आपल्याला सांगायची आहे.

आता कोणी म्हणेल, आमच्या कोल्हापुराचा यात काय संबंध? संबंध एका घाटाइतका आहे. चंदगडाकडून तिलारीचा घाट उतरला की दोडामार्ग. आजऱ्याकडून आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी. आणि याच दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावी २०१६ साली माकडताप निघाला. त्याआधी महाराष्ट्राला तो रोग केवळ पुस्तकातून ठाऊक होता. रोगाला घाट चढायला एस.टी.चे तिकीट लागत नाही, हे आपण जाणताच.

उंदीर पडू लागले की...

उंदराकडे पाहून साथीचा अंदाज घेण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग उतरला आणि पुढची कित्येक वर्षे त्याने मुलूख सोडला नाही. पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांना तो जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत कोल्हापूर संस्थानानेही प्लेगचा तडाखा सोसला. घरे ओस पडली, माणसे माळावर झोपड्या घालून राहिली. त्या पिढीच्या तोंडी एकच वाक्य असे, ‘उंदीर पडू लागले.’ आढ्यावरचा उंदीर दिवसाढवळ्या झिंगत खाली यावा आणि अंगणात तडफडून मरावा, एवढे दिसले की शहाणा माणूस बैलगाडी जुंपत असे.

हे ज्ञान अनुभवाचे होते. त्याचे कारण नंतर कळले. १८९८ साली कराचीत सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टराने सांगितले की, मेलेल्या उंदराचे अंग थंड पडू लागले की त्यावरच्या पिसवा उडतात आणि दुसरे ऊबदार अंग शोधतात. ते अंग माणसाचे असले की त्याला गाठ येते. त्या वेळी पुष्कळांनी हे हसण्यावारी नेले. पुढे १९०५ पासून मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन संस्थेत, प्लेग कमिशनच्या डॉक्टरांनी याची रीतसर खात्री करून घेतली. शहरातून उंदीर गोळा होत, तो कोणत्या जागी सापडला याची नोंद त्याच्यासोबत असे आणि मग त्याची चिरफाड करून प्लेग आहे की नाही ते पाहिले जाई. कोणत्या भागातले उंदीर आधी पडतात आणि किती दिवसांनी माणसे पडतात, याचा मेळ त्यांनी घातला. उंदरांची झडती घेऊन माणसांच्या साथीचा माग काढण्याचे हे काम आपल्याच राज्यात, सव्वाशे वर्षांमागे झाले आहे.

आणि प्लेग इतिहासजमा झाला असे ज्यांना वाटत होते, त्यांना १९९४ ने जागे केले. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावचे लोक भीतीने घरे सोडून बाहेर शेडमध्ये राहू लागले. बंद घरात धान्य तसेच राहिले. उंदरांना याहून मोठी दिवाळी कोणती? ते वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये मामल्यात उंदीर पडले, पिसवा चावू लागल्या आणि मागोमाग काखेत-जांघेत गाठी असलेले तापाचे रोगी निघाले. पुढच्याच महिन्यात सुरतेला फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि लाखो माणसे शहर सोडून पळाली. त्यानंतर सरकारी यंत्रणेने उंदीर पकडून तपासण्याच्या कामाकडे पुन्हा लक्ष दिले. मधली वर्षे ते काम ढिले पडले होते, असे आमचे स्पष्ट मत आहे. साथ नसताना उंदरावर पैसा खर्च करा म्हणून कोणता अधिकारी सांगेल आणि कोणता पुढारी ऐकेल?

क्यासनूरचे जंगल

प्लेग हा जिवाणूंचा रोग. औषधाने तो बरा होतो. विषाणूंचे तसे नसते. विषाणू त्याहून कितीतरी लहान, नेहमीच्या दुर्बिणीत न दिसणारा, आणि त्याच्यावर हमखास औषध क्वचितच असते. म्हणून तो कोणत्या जनावरात लपून बसतो हे आधी शोधून ठेवण्याला महत्त्व येते.

याचे आपल्या बाजूचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे माकडताप. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात १९५७ साली जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या खेड्यांत माणसांना कडक ताप येऊ लागला. माकडे मरतात म्हणजे आफ्रिकेतला पिवळा ताप हिंदुस्थानात आला की काय, या शंकेने सगळ्यांच्या पोटात गोळा आला. पुण्यात त्या वेळी विषाणू संशोधन केंद्र होते. १९५२ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि अमेरिकेतले रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून ते काढले होते. १९७८ पासून त्याचे नाव राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे झाले. या केंद्राची माणसे शिमोग्याला धावली. विषाणू हाती लागला, तो पिवळ्या तापाचा नव्हता. सोरब तालुक्यातल्या क्यासनूरच्या जंगलावरून त्याला नाव मिळाले.

तपासात दिसले की हा विषाणू रशियातल्या जंगली गोचिडांपासून होणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूचा भाऊबंद आहे. मग सायबेरियातून हिवाळ्यात येणाऱ्या पाखरांनी तो आणला असेल का, असा प्रश्न निघाला. मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेत डॉ. सलीम अली यांनी पाखरांच्या पायांत कड्या घालून त्यांचा प्रवास शोधण्याचे जे मोठे काम जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने हाती घेतले, त्याचे एक कारण हा माकडताप होता. पाखरांवरचा आरोप काही सिद्ध झाला नाही, परंतु पाखरांविषयी पुष्कळ ज्ञान मिळाले.

मग गुन्हेगार कोण? मेलेली माकडे सर्वांच्या डोळ्यांत भरली, पण माकड हे आपल्यासारखेच या रोगाला बळी पडणारे. पुण्याच्या मंडळींनी सागर येथे मुक्कामाचे केंद्र काढले आणि जंगलातल्या लहानसहान प्राण्यांना पकडून तपासायला सुरुवात केली. काळा उंदीर, शेपटीचे टोक पांढरे असलेला रानउंदीर, खार, चिचुंद्री. पिंजऱ्यांमागून पिंजरे लावले गेले. या प्राण्यांत विषाणू सापडला, आणि त्यांच्या अंगावर सापडली गोचिडाची पिल्ले, खसखशीच्या दाण्याहून थोडी मोठी.

इथे या रोगाची सगळी गाडी समजते. पावसाळा सरल्यावर गोचिडीच्या अंड्यांतून पिल्ले निघतात. ती उंदीर, खार, चिचुंद्री, जमिनीवर चरणारी पाखरे यांच्या अंगाला लागून रक्त पितात. प्राण्याच्या रक्तात विषाणू असला तर तो पिल्लात जातो आणि पिल्लू वाढले तरी त्याच्यात राहतो. दुसऱ्या अवस्थेतले पिल्लू डिसेंबरपासून पुढे मे महिन्यापर्यंत पाचोळ्यात फार. तेच माकडाला चावते आणि पाचोळा गोळा करणाऱ्या, लाकूड-फाटा आणणाऱ्या माणसाला चावते. पूर्ण वाढलेले गोचीड मात्र मोठे जनावर शोधते, म्हणजे आपली गाय-म्हैस. गुराला या तापाचे काही होत नाही, पण त्याच्या रक्तावर गोचीड पोसते आणि हजारो अंडी घालते.

कोलंबियाहून आलेले बोशेल नावाचे शास्त्रज्ञ या कामात होते. त्यांनी एक विचार मांडला, तो शेतकऱ्याने ऐकण्यासारखा आहे. जंगल तोडून भाताची खाचरे झाली, वस्ती वाढली, गुरे जंगलाच्या कडेला चरू लागली, त्यामुळे पूर्वी जंगलात थोड्या असलेल्या गोचिडांना रक्ताची ददात राहिली नाही आणि त्या अमाप वाढल्या. विषाणू जंगलात पूर्वीपासून असावा, पण उंदीर, गोचीड, गुरे आणि माणूस यांची गाठ आपण घालून दिली. हा विचार पटण्यासारखा आहे. आज चंदगड-आजऱ्याच्या डोंगरांत आणि खाली कोकणात काजूच्या बागा रानाला भिडल्या आहेत. काजूने चार पैसे दिले, त्याला बोल लावण्याचे कारण नाही. पण बागेच्या बांधापलीकडे रान आहे आणि रानात उंदीर-माकडे आहेत, हे विसरून चालणार नाही.

१९५७ नंतर कितीतरी वर्षे हा ताप शिमोगा आणि आसपासचे जिल्हे सोडून फारसा हलला नाही. मग २०१३ च्या सुमारास बंडीपूर, पाठोपाठ केरळचे वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातला सत्तरी तालुका, २०१६ मध्ये आपले दोडामार्ग आणि पुढे सावंतवाडी तालुक्यातले बांदे, असा तो पश्चिम घाटाच्या कडेने वर सरकलेला दिसला. सरकला, की आधीपासूनच होता आणि आता तपासणी झाली म्हणून दिसला? हा प्रश्न सोडवायचा तर रानातल्या उंदरांची, गोचिडांची झडती घेतल्याखेरीज गत्यंतर नाही.

पिंजरा, चिमटा आणि बर्फ

ही झडती घेतात कशी, ते थोडे विस्ताराने सांगतो, कारण उद्या अशी तुकडी तुमच्या शिवारात आली तर ती काय करते आहे हे तुम्हांला ठाऊक असावे.

आधी जागा निवडतात. रान, रानाची कड, बागा, खाचरे, उसाचे फड, गावठाण, अशा निरनिराळ्या जागी ओळीने पिंजरे मांडतात, दोन पिंजऱ्यांत ठराविक पावले सोडून. आमिष म्हणून भाकरीचा तुकडा, भजे, शेंगदाणे, खोबरे, सुकट, जिथे जे उंदराला आवडते ते. शंभर पिंजरे एक रात्र मांडून किती प्राणी सापडले, यावरून त्या जागी उंदीर दाट आहेत की विरळ याचा अंदाज निघतो. सकाळी ऊन चढायच्या आत पिंजरे उचलायचे, नाहीतर प्राणी उन्हाने मरतो आणि नमुना वाया जातो.

मग प्राण्याला कापडी पिशवीत घेऊन गुंगीचे औषध देतात. पांढऱ्या ताटावर धरून अंग विंचरतात. पिसवा, गोचिडे, बारीक किडे खाली पडले की ते वेगळ्या बाटलीत. वजन करतात, अंगाची आणि शेपटीची लांबी, मागचे पाऊल, कान मोजतात. हे मोजमाप हौसेचे नाही. आपल्याला सगळे उंदीर सारखे दिसतात, पण शेतातला काळा घुशीसारखा उंदीर, मऊ केसांचा उंदीर, घरचा उंदीर आणि नखभर दिसणारी रानउंदरी या वेगळ्या जाती आहेत आणि एकेका विषाणूचा संसार बहुधा एकेका जातीशीच असतो. जात चुकली तर सारा हिशेब चुकला. म्हणून काही प्राण्यांची कवटी आणि कातडी संग्रहालयात जपून ठेवतात. रक्त आणि प्लीहा, यकृत, फुप्फुस, मूत्रपिंड यांचे तुकडे अतिशीत नायट्रोजनच्या भांड्यात घालून प्रयोगशाळेकडे नेतात. गोचिडांसाठी आणखी एक युक्ती आहे. फ्लॅनेलचे कापड पाचोळ्यावरून ओढत नेतात, गोचिडे त्याला जनावर समजून चिकटतात.

प्रयोगशाळेत दोन प्रकारच्या खुणा शोधतात. एक म्हणजे रक्तातले प्रतिद्रव्य. ते सापडले तर विषाणू त्या प्राण्याला भेटून गेला असे समजावे. ही चोराची पावले झाली, चोर नव्हे. दुसरी खूण म्हणजे खुद्द विषाणू किंवा त्याचा अंश. पूर्वी त्यासाठी उंदराच्या अवयवाचा रस पांढऱ्या उंदरांच्या तान्ह्या पिल्लांना टोचून वाट पाहावी लागे. आता यंत्राने विषाणूचे जनुकच वाचता येते, तेही काही तासांत.

हे काम सुखाचे नाही. माकडतापाच्या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतल्या अनेक कामगारांना आणि संशोधकांना तो ताप झाला होता. आता अशा कामासाठी पुण्यात पाषाण येथे २०१२ पासून सर्वांत कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा आहे. रानात पिंजरे हाताळणाराही हातमोजे, मुखपट्टी, बूट घालूनच काम करतो. तेव्हा अशी माणसे पांढऱ्या पोशाखात तुमच्या बांधावर दिसली तर गावात काहीतरी झाले म्हणून घाबरू नका, पोरांना त्यांच्यामागे सोडू नका, आणि हात जोडून विनंती, पिंजरा पळवू नका. तुमच्या घरात त्याचा उपयोग होईल हे खरे, पण आतले जनावर तपासलेले नसते.

चिचुंद्रीची चौदा वर्षे

शोध कसा लागतो आणि लागूनही कसा कळत नाही, याची एक मौजेची गोष्ट आहे. १९६४ साली पुण्याच्या केंद्राचे काम तमिळनाडूत वेल्लोरला चालू होते. दुसऱ्याच विषाणूंच्या शोधात असताना तिथल्या तोट्टपाळयम भागात पकडलेल्या एका चिचुंद्रीत एक अनोळखी विषाणू मिळाला. (चिचुंद्री दिसते उंदरासारखी, पण ती उंदराच्या कुळातली नव्हे, किडे खाणारी आहे.) त्याला गावाचे नाव देऊन तो नोंदवून ठेवला गेला. तो कोणाचा कोण, हे उमगले नाही.

तिकडे कोरियात १९५० ते १९५३ च्या युद्धात सुमारे तीन हजार परदेशी सैनिक एका विचित्र तापाने आजारी पडले होते. ताप, मूत्रपिंड बंद पडणे, रक्तस्राव. कारण सापडेना. हो वांग ली नावाच्या कोरियन डॉक्टराने वर्षानुवर्षे रानउंदीर पकडून तपासले. १९७६ साली त्यांना पाठीवर पट्टा असलेल्या शेतउंदराच्या फुप्फुसात त्याची खूण मिळाली आणि १९७८ साली विषाणू हाती आला. हांतान नदीवरून त्याचे नाव पडले, आणि त्या कुळाला हंता विषाणू म्हणू लागले. उंदराच्या मुताची, लेंड्यांची वाळलेली धूळ नाकातोंडात गेली की तो माणसात येतो. पुढे कळले की वेल्लोरच्या चिचुंद्रीतला तो अनोळखी पाहुणा याच कुळातला होता. म्हणजे या घराण्याचा पहिला सभासद कोरियाच्या चौदा वर्षे आधी आपल्या देशात पकडला गेला होता! तो माणसाला आजारी करतो असे सिद्ध झालेले नाही, तेव्हा घरातली चिचुंद्री पाहून धास्ती घेऊ नका. मात्र वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाच्या संशोधकांनी धान्य गोदामांतले हमाल आणि शेतातले उंदीर पकडणारे इरुळा आदिवासी यांचे रक्त तपासले, तेव्हा काहींच्या रक्तात हंता कुळाची प्रतिद्रव्ये दिसली. धान्याच्या धुळीत दिवस काढणारा माणूस आणि उंदीर यांचे नाते किती जवळचे असते, ते यावरून दिसते.

सापडले म्हणजे साथ नव्हे

इथे थोडे वर्तमानपत्रांविषयी बोलायला हवे. २०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या संस्थेने महाबळेश्वरच्या एका गुहेतली वटवाघळे पकडून तपासली. काहींत निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्या. २०२१ साली ही बातमी छापून आली, तेव्हा मथळे असे होते की जणू उद्या सातारा-कोल्हापूर आजारी पडणार. एकही माणूस त्याने आजारी पडला नव्हता. जनावरात विषाणू सापडणे ही सूचना असते, दवंडी नव्हे. रानात हिंडणाऱ्या अनेक विषाणूंपैकी माणसाच्या अंगात शिरून मूळ धरू शकणारे थोडेच.

पण सूचनेचा उपयोग होतो, तो कसा पाहा. चीनच्या शांतुंग आणि हेनान प्रांतांत ताप आलेल्या माणसांची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा पस्तीस जणांत एक नवा विषाणू मिळाला. बहुतेक शेतकरी. मग आसपासच्या पंचवीस जातींचे लहान रानटी प्राणी तपासले आणि तो मुख्यतः चिचुंद्रीच्या जातीत सापडला. २०२२ साली हे प्रसिद्ध झाले. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हिया देशातल्या सान होआकीन गावात १९६३ च्या सुमारास रक्तस्रावी तापाने माणसे पटापट मरत होती. शास्त्रज्ञांनी उंदीर तपासले, एका जातीत विषाणू मिळाला, आणि तो उंदीर घराघरांत शिरला होता. गावातली मांजरे आधीच मरून गेली होती, डासांसाठी मारलेल्या डी.डी.टी.ने ती मेली असे लोक म्हणत. मग गावभर सापळे लावून उंदीर मारले आणि दोन आठवड्यांत नवे रोगी येणे थांबले. लस नाही, औषध नाही, नुसते सापळे! शेजारच्या अर्जेंटिनात मक्याच्या काढणीला अशाच एका उंदरापासून मजुरांना ताप येत असे. तिथे पुढे लस निघाली आणि रोग पुष्कळ आटोक्यात आला.

आपल्या उसाच्या पट्ट्याला याहून जवळची गोष्ट ऑस्ट्रेलियाची आहे. तिथे क्वीन्सलँडमध्ये १९३४-३५ साली ऊसतोड कामगारांना कावीळ होऊन माणसे दगावू लागली. उंदराच्या मुतातून ओल्या फडात पसरणारा लेप्टोचा जंतू पाल्याने कापलेल्या हातापायांतून शिरत होता. कामगारांनी मागणी केली की तोडीपूर्वी फड पेटवा, म्हणजे उंदीर पळतील, आणि त्यासाठी संप केला. फड पेटवून तोडण्याची रीत तिथे रुजली ती यातून. आपण तसे करावे असे आमचे म्हणणे नाही. पाचट रानात कुजवलेले सोन्यासारखे, आणि आता लेप्टोवर वेळेत दिलेल्या गोळ्या लागू पडतात. परंतु २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेचे पाणी ज्यांच्या फडात आणि घरात दिवसेंदिवस उभे राहिले, त्यांनी उंदीरही उंच जागी, म्हणजे आपल्याच माळ्यावर, चढलेले पाहिले असतील. पाणी ओसरल्यावर चिखलात अनवाणी, पायाला भेगा असताना उतरणे टाळावे. गमबूट नसेल तर निदान जखम झाकून काम करावे. ऊस तोडायला बीडकडून येणाऱ्या मजुरांच्या कोपी फडाच्या कडेलाच पडतात, उंदरांच्या वाटेवर. त्यांना चार कोरड्या हात उंचीची जागा देणे मालकाच्या हातात असते.

कणगी झाडणाऱ्या हातांसाठी

भगिनींनो, पुढचे खास तुमच्यासाठी, कारण साठवणीची खोली, कणगी, पोटमाळा झाडतो कोण? तुम्हीच. सहा महिने बंद असलेली खोली उघडली की लगेच खराटा हाती घेऊ नका. दारे-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा. लेंड्या दिसतील तिथे ब्लीचिंग पावडरचे पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटे मुरू द्या, मग ओल्या फडक्याने पुसून घ्या. कोरडे झाडले की धूळ उडते, आणि हंता कुळाचे विषाणू असतील तर त्यांना तीच वाट हवी असते. नाकातोंडाला पदर किंवा रुमाल बांधा, हाताला प्लॅस्टिकची पिशवी चढवली तरी चालेल. मेलेला उंदीर शेपटीला धरून फेकायचा नाही. त्याच्यावरही तेच पाणी टाकून, काठीने पिशवीत घालून खोल पुरायचा.

एक गोष्ट उलटी वाटेल, पण ध्यानात ठेवा. औषध न घालता घरात-गावात उंदीर आपोआप मरू लागले तर आणखी विष घालायची घाई करू नये. उंदीर मेले की पिसवा माणसांकडे वळतात. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा, असा क्रम आहे. त्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सांगणे हेच पहिले काम. रानात माकड मेलेले दिसले तरी तसेच. त्याला हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, वनखात्याला आणि आरोग्य केंद्राला कळवा.

आणि जे कोणी डिसेंबर ते मे या दिवसांत घाटाखाली काजूला, लाकडाला, पाचोळ्याला जात असतील त्यांनी अंगभर कपडे घालावेत, विजारीचे पाय मोज्यांत खोचावेत, आरोग्य खात्याकडून मिळणारे गोचीड पळवणारे तेल उघड्या अंगाला लावावे. पाचोळ्यावर बसू-झोपू नये. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, आणि काखा, कंबर, कानामागे, जांघेत गोचीड आहे का हे एकमेकांनी पाहावे. पूर्वी या तापाची लस दिली जात असे, पण तिचा गुण कमी ठरल्याने ती अलीकडे थांबवली आहे. नव्या लसीवर काम चालू आहे.

गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी कडक ताप येतो, कपाळ फुटेल असे डोके दुखते, अंग मोडून येते, उलट्या होतात, कधी नाका-हिरड्यांतून रक्त येते. शंभर रोग्यांत तीन ते पाच दगावतात. बाकीचे वेळेत दवाखान्यात पोचले, सलाईन आणि देखभाल मिळाली तर बरे होतात. काहींना दोन आठवड्यांनी ताप उलटतो, तेव्हा पहिला उतरला म्हणून लगेच कामाला लागू नये. या तापाचे सोंग डेंग्यूसारखे असते. अंगावर बिडीचा चटका बसल्यासारखा काळा डाग दिसला तर तो आणखी निराळा, उंदरांच्या अंगावरच्या बारीक किड्यांपासून होणारा स्क्रब टायफस असू शकतो, आणि त्यावर साध्या गोळ्या लागू पडतात. डॉक्टरांना हे सगळे ओळखता यायचे तर तुम्ही एक वाक्य त्यांना न विचारता सांगायला हवे, ‘मी गेल्या पंधरवड्यात अमुक गावच्या रानात गेलो होतो.’ चंदगड, आजरा, भुदरगड, राधानगरीकडच्या डॉक्टरांना त्या एका वाक्यावरून रक्त कुठल्या तपासणीला पाठवायचे ते ठरवता येते.